शास्त्रीय कारणे लिहा

बाई,

तुम्हाला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली असतील आणि माझा राग अजून ठणठणीत आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पत्र आदराचं आहे असा तुमचा गैरसमज व्हायला नको. 'आदरणीय' लिहायला गेले तर पेन अडलं, 'प्रिय' तर शक्यच नव्हतं, म्हणून नुसतं बाई. आज शनिवार, सकाळची शाळा. पोरं केव्हाच घरी गेली. शिपाईकाका दोनदा डोकावून गेले, "मॅडम, कुलूप लावून टाकू का?" मी म्हटलं, "थांबा थोडं, वह्या तपासून राहिले." वह्या वगैरे काही नाही. तुमच्या प्रयोगशाळेत, तुमच्याच लांब टेबलाशी बसून मी तुम्हाला लिहिते आहे, आणि तुम्ही समोरच्या भिंतीवरून, चंदनाच्या हारातून माझ्याकडे बघता आहात. बघा. हवं तितकं बघा. फोटोखाली 'विज्ञाननिष्ठ शिक्षिका' असं लिहिलंय, ते शब्दही माझेच आहेत. ते कसे आले तेही सांगते.

नववीची सहामाही आठवते? तुम्हाला कशाला आठवेल म्हणा. प्रश्न होता, शास्त्रीय कारण लिहा: माठातील पाणी थंड राहते. तुमच्याकडे उत्तर म्हणजे पुस्तकातलं वाक्य, शब्दाला शब्द. एखादा 'व' जागचा हलला तरी अर्धा गुण गेला. मला ते वाक्य पाठ होतं, बाई. पण त्या उन्हाळ्यात मी आमच्या स्वयंपाकघरात माठासमोर बसून बसून तो माठ बघितला होता. वर पत्रा तापलेला, फरशी तापलेली, पितळी डबे हात लावू देत नाहीत, आणि तिवईवर तो एकटा गार. आई दर चार दिवसांनी नारळाच्या शेंडीनं त्याला बाहेरून घासायची. मी विचारलं, "काहून घासून राहिली वं आई?" तर म्हणाली, "भोकं बुजले का पाणी गरम होते." झालं. चौथी शिकलेल्या बाईनं मला एका वाक्यात सगळं समजावून दिलं. आणि पेपरात ते पाठ केलेलं वाक्य लिहायचं सोडून हातातून आपोआप हे उतरलं:

माठाच्या अंगी बारीक भोकं,
पाणी झिरपे बाहेर;
वाफ होऊनी जाता जाता
उष्णता नेई आहेर.

पेपर वाटताना माझा पेपर तुम्ही मुद्दाम शेवटी ठेवला. मला उभं केलं, आणि त्या चार ओळी मोठ्यानं वाचल्या, हेल काढून, लग्नातल्या मंगलाष्टकांसारख्या. "आहेर? पाणी काय लग्नाला चाललंय?" अख्खा वर्ग खो खो हसला. माझी शेजारीण, जिला मी दर आठवड्याला गणितं उतरवू द्यायची, ती तर बाकावर डोकं ठेवून हसत होती. मी विचारलं, "पण बाई, कारण तर बरोबर आहे ना?" तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "बरोबर काय आणि चूक काय ते मी ठरवीन. विज्ञानाला स्वतःची भाषा असते. तुला ती कळत नाही, आणि कळणारही नाही. बस खाली." तीनपैकी शून्य. शून्य मी कदाचित विसरले असते. आज पन्नाशी जवळ आली, अजून कुणी पाठीमागं हसलं की मला वाटतं मलाच हसून राहिले. ही तुमची कमाई.

तेवढ्यावर तुमचं समाधान झालं असतं तरी मी गप्प बसले असते. पण दहावीचा निकाल लागला आणि तुम्ही बाबांना बोलावून घेतलंत. बाबा हिंगण्याहून पहिली पाळी संपवून तसेच आले, कंपनीच्या निळ्या कपड्यांत, हाताला ग्रीस. तुम्ही खुर्ची दाखवली. ते बसले नाहीत, खुर्ची खराब होईल म्हणून. मी दाराशी उभी. मला विज्ञानात पासष्टच्या वर गुण होते, प्रवेश मिळत होता, कॉलेजातला तो पांढरा कोट मी मनातल्या मनात शिवूनही ठेवला होता. तुम्ही म्हणालात, "हिला सायन्सला घालू नका. झेपायचं नाही तिला. कवितेचं वेड आहे, स्वप्नात असते. आर्ट्सला घाला, पुढं लग्नालाही बरं पडतं." बाबा म्हणाले, "तुम्ही सांगान तसं, बाई." बस. एवढंच. माझ्या आयुष्याचा फैसला व्हायला तुम्हाला एक कप चहाइतकाही वेळ लागला नाही. घरी आले तर आई चुलीपुढं भाकरी थापत होती, म्हणाली, "काय झालं वं, काहून रडून राहिली?" मी बोलायच्या आत बाबाच बोलले, "बाई शिकल्यासवरल्या आहे. त्यायले समजते तेवढं आपल्याले समजते का?" त्या माणसानं पुढं वीस वर्षं तुमचं नाव आदरानं घेतलं, आणि मी दर वेळी ताटावरून उठून गेले.

म्हणजे मी मराठीची शिक्षिका झाले. मराठीवर माझा राग नाही हं; मराठीनं मला पोटाशी धरलं, तुमच्यासारखं झिडकारलं नाही. पण नशिबाची खोड बघा, नोकरी मिळाली ती ह्याच शाळेत. तुम्ही तेव्हा निवृत्त झाल्या होत्या. एकदा स्नेहसंमेलनाला पाहुण्या म्हणून आलात. मी मुद्दाम पुढं गेले, वाकून नमस्कार केला, म्हटलं, "बाई, ओळखलं का? माठवाली." मला वाटलं होतं, तुम्ही जरा तरी चपापाल. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "अगं, इतक्या मुली येऊन गेल्या. काय शिकवतेस? मराठी? छान. मुलींना बरा विषय आहे." आणि पेढा उचललात. बाई, ज्या दिवसानं माझी झोप उडवली तो दिवस तुमच्याकडे नव्हताच. तुम्ही मुद्दाम केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तेवढीही किंमत तुम्ही दिली नाही.

मग तुम्ही गेलात. शोकसभा ठरली, आणि मुख्याध्यापक मला म्हणतात, "मॅडम, तुमची भाषा चांगली, श्रद्धांजली तुम्हीच लिहा." लिहिली. 'शिस्तीच्या भोक्त्या, विज्ञाननिष्ठ शिक्षिका, अनेकांच्या जीवनाला दिशा देणाऱ्या.' शेवटचं मात्र खरं होतं. तुमच्या मुलाला इतकं आवडलं की त्यातलेच शब्द त्यानं सदर बाजारातल्या दुकानातून फोटोखाली लिहून आणले. मी सभेत ते वाचलं तेव्हा दोन बायका रडल्या. मी आतून अशी खदखदत होते की मधेच थांबून पाणी प्यावं लागलं. लोकांना वाटलं, मॅडमला भरून आलं.

आता ऐका खरी गोष्ट. चार वर्षांपूर्वी आमचे विज्ञानाचे सर निवृत्त झाले आणि जागा भरलीच नाही. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. "मॅडम, आठवीचे विज्ञानाचे तास सध्या तुम्हीच घ्या." हे 'सध्या' अजून चालू आहे. त्यांनी प्रयोगशाळेची किल्ली माझ्या हातात ठेवली. तीच, जी तुम्ही पदराला बांधून फिरायच्या आणि आम्हाला काचेतूनच चंचुपात्र दाखवायच्या. मी त्या दिवशी एकटीच इथं आले, दार उघडलं, तुमच्या फोटोसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि म्हटलं, "आता?" तुमची जिरवायची, तीही तुमच्याच नाकावर टिच्चून, हे मी तिथंच ठरवलं.

आणि जिरवली, बाई. मी विज्ञान कवितेतून शिकवते. नुसती मीच रचत नाही, पोरं रचतात. पोरं कोणाची, तर बहुतेकांचे बाप हिंगण्याच्या कारखान्यांत पाळीवर. त्यांना व्याख्या द्या, तोंडात मिठाची गुळणी. पण ऑफिसच्या कूलरपुढं उभं करून, ओल्या जाळीतून येणारी हवा अंगावर घ्यायला लावून म्हटलं, आता ह्याचं गाणं करा, तर दहा मिनिटांत बाष्पीभवन त्यांच्या तोंडात. माझा माठ तर आता अख्ख्या शाळेला पाठ आहे. डबा खाताना पोरी हेल काढून म्हणतात, आणि कुणी हसत नाही. गंजाचा धडा झाला तेव्हा तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं उभं राहून म्हटलं:

हवा आली, पाणी आलं, लोखंडाशी गट्टी केली;
बाबाच्या गाडीची साखळी तांबूस होऊन तुटून गेली.

काय सुटसुटीत आहे सांगा. ऑक्सिजन आहे, पाणी आहे, रंग आहे, परिणाम आहे. तुम्ही हिलाही शून्य दिलं असतं. मी ती कविता मोठ्या अक्षरात लिहून तुमच्या फोटोला अगदी खेटून चिकटवली. बारीक, तोंडाळ पोरगी आहे. प्रत्येक गोष्टीवर तिचं "पण मॅडम" तयार. मला ती फार आवडायची. आवडते.

गेल्या महिन्यात शिक्षण परिषद आमच्या शाळेत झाली. आजूबाजूच्या शाळांचे तीस-पस्तीस शिक्षक, मागं खुर्चीवर केंद्रप्रमुख, आणि आदर्श पाठ माझा: कवितेतून विज्ञान. मुख्याध्यापक म्हणाले, हॉलमध्ये घ्या. मी म्हटलं, नाही, प्रयोगशाळेतच घेईन. कशासाठी ते तुम्हाला कळलंच असेल. नवी साडी नेसले होते. तुमच्या फोटोवरची धूळ मी स्वतः पुसली, तुम्हाला नीट दिसावं म्हणून. पाठ हृदयाचा होता. पुस्तकातलं चित्र मी फळ्यावर मोठं काढलं, लाल खडू, निळा खडू, आणि माझी कविता पोरांकडून म्हणवून घेतली:

चार खोल्यांचा कारखाना,
दोन वर अन् दोन खाली;
डाव्या गेटनं थकलेलं रक्त,
उजव्या गेटनं ताजी पाळी.

पोरांना पाळी म्हणजे काय, गेटवर थकलेले बाहेर आणि ताजे आत कसे होतात, हे सांगावं लागत नाही. अशी ताल धरून म्हणत होती की खिडक्यांच्या काचा वाजत होत्या. केंद्रप्रमुखांचा पाय हलत होता. मी फळ्याकडे नव्हते बघत, पोरांकडेही नव्हते. मी तुमच्याकडे बघत होते. इतकी सुखी मी लग्नातही नव्हते.

आणि तिसऱ्या बाकावरून हात वर. "पण मॅडम."

मी म्हटलं, "नंतर." ती थांबायची नाही. उठली, पुस्तक उघडलं आणि चित्र बाहेरच्या बाजूला करून स्वतःच्या छातीला लावलं. "मॅडम, असं पाहा ना. हृदय आपल्या अंगात असते, तं चित्र आपल्याकडे तोंड करून आहे. आता लाल बाजू माह्या डाव्या हाताकडे आली. म्हणजे ताजं रक्त डावीकडे पाहिजे. दोन शब्द अदलाबदल केले तं चालही नाही बिघडत." तिला मला मदतच करायची होती हो. चाल नाही बिघडत, हे सुद्धा तिनं आधी म्हणून बघितलं असणार. पाहुण्यांत एका शिक्षकाचा हात आपसूक स्वतःच्या छातीवर गेला, आणि माझ्याकडे बघून त्यानं तो खाली घेतला. मला तेव्हा फक्त इतकं दिसलं की तीस-पस्तीस माणसांसमोर, तुमच्यासमोर, एक पोरगी माझी कविता मोडून राहिली. तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "कवितेत शहाणपणा करायचा नसतो. तुला ना चाल कळते ना अर्थ. बस खाली." पाहुणे हसले. पाहुणे हसले म्हणून वर्ग हसला. ती पुस्तक छातीला धरूनच बसली. मग आम्ही कविता पुन्हा एकदा म्हटली, आणि टाळ्या पडल्या.

सगळे जेवायला गेल्यावर मी दार लोटलं, पुस्तक घेतलं आणि छातीला लावलं. लाल बाजू डाव्या हाताला आली. मी तीनदा लावून बघितलं, जणू तिसऱ्यांदा हृदय बदलणार होतं. बाई, मी दोन दिवस ही चूक तुमच्या माथी मारत होते. अकरावीच्या पहिल्या महिन्यात शिकवत असतील हे. शरीराची डावी-उजवी, कागदाची डावी-उजवी. मला तिथं बसू दिलं असतं तर मी चित्र बघून कविता रचणारी बाई झाले असते का? हे मी अजूनही म्हणते, आणि ते खोटं नाही. तुमचं पाप तुमच्याकडे. माझा माठ बरोबरच होता, मरेपर्यंत बरोबर म्हणणार.

पण "बस खाली" म्हणाले ते तुम्ही नव्हे. तेव्हा तुम्ही भिंतीवर होतात.

तिसऱ्या दिवशी मी फळ्यावर कविता नव्यानं लिहिली, दोन शब्द बदलून. पोरांना म्हटलं, "मी ह्यात जरा सुधारणा केली आहे, जुनी खोडा." 'मी' म्हटलं, बाई. पोरांनी खोडली, नवी उतरवली. तिनंही उतरवली, मान खाली घालून. एकदाही वर बघितलं नाही. जुने शब्द असे पक्के बसलेत की निम्मी पोरं अजून डावं-उजवं उलटंच म्हणतात. परवा विज्ञान प्रदर्शनाची नावं घेतली. गंजाचा प्रयोग तिचाच होता, चार खिळे चार बाटल्यांत घालून महिनाभर खिडकीत ठेवले होते तिनं. यादीत तिनं स्वतःच आपल्या नावावर रेघ मारलेली. मी व्हरांड्यात अडवलं, म्हटलं, "काहून वं? काय झालं?" ती चपलेकडे बघत म्हणाली, "मले नाही समजत मॅडम त्यातलं. दुसऱ्या कोणाले द्या." मी म्हटलं, "असं काही नाही, तू हुशार आहेस." ती हो म्हणाली आणि निघून गेली. तिला माझ्यापेक्षा जास्त समजतं, हे त्या व्हरांड्यात, कुणी नसताना सुद्धा, माझ्या तोंडून निघालं नाही.

आता हसू नका वरून. मी तुम्हाला माफ करायला बसलेली नाही. तुमच्याशी माझं भांडण आहे तसंच आहे. हे पत्र कुठं टाकायचं तेही मला माहीत नाही. कपाटात आम्लाच्या बाटल्यांमागं ठेवीन, किंवा फाडीन. मला काय करायला हवं ते मला पक्कं माहीत आहे. जे वर्गासमोर बोलले ते वर्गासमोरच मागं घ्यायचं, तिचं नाव घेऊन, दोन वाक्यं. सगळा राग तुमच्यावर असा पाजळत बसले ते ती दोन वाक्यं सांगायची पाळी येऊच नये म्हणून, एवढं मात्र आज लिहिता लिहिता मला कळलं.

तीन आठवडे झाले. रोज सकाळी मी त्या वर्गाची हजेरी घेते. तिच्या नावाशी येऊन थांबते. ती "हजर मॅडम" म्हणते, आणि मी पुढचं नाव घेते.